पास

एकोणतीस वर्षं टॉवेल तपासले,
अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत,
ट्यूबलाइटखालच्या कलत्या टेबलावर.
पहिल्या दिवशी सासू म्हणाली होती तेलुगूत,
चेतितो चूडु.
हातानं बघ गं. डोळ्याला झोप लागते, तळव्याला नाही.

तुटकी तार, दुहेरी बाणा, तेलाचा ठिपका,
फणीत अडकून पोटातून उसवलेला लूप.
खडूची खूण करायची, ढीग वेगळा.

आता माझ्याच जिभेची कड उसवली.
मिश्री. दुसरं काय.
कापून काढली तर वर्षानं मानेत उतरली,
डाव्या कानाखाली, चिंचोक्याएवढी.

डॉक्टर बिराजदारांनी केसपेपरच्या पाठीवर
दोन गोल काढले.
ही तुमची पांढरी पेशी, यमूलबाई. टी पेशी म्हणतात.
तुमच्यासारखीच चेकर.
अंगभर फिरते, ज्याला त्याला हात लावून बघते,
आपलं कोण, बिघडलेलं कोण.

मग ही चिंचोक्याएवढी तिला दिसली कशी नाही?

दिसली की.
पण गाठीनं तिचा हात धरला.
म्हणाली, घरचीच आहे मी. जाऊ दे.

पुढचं त्यांनी बरंच सांगितलं,
मी ऐकलं नाही.
मला कंटेनर दिसत होता, दिवाळीआधीचा, दारात उभा,
आणि मालकांचा पुतण्या, मागून,
माझ्या मनगटावर दोन बोटं ठेवून:
मावशी, बंदराची तारीख आहे. पास करा.
दोनशे डझन. काठाची वीण सगळ्यांची सैल.
मी शिक्का मारला.
त्या दिवाळीला बोनससोबत साडी मिळाली, मोरपंखी.
अजून घडी मोडली नाही.

सलाईनच्या बाटलीत जे आहे
ते गाठीला मारत नाही म्हणे.
ते फक्त त्या धरलेल्या हातामध्ये जाऊन बसतं
आणि हात सुटतो.
एवढंच. पुढचं काम चेकरनं करायचं.
पूर्ण डोस म्हणजे दोन लूम विकावे लागतील.
आम्ही लहान घेतो.
लहानही कधी कधी पुरतो, बिराजदार म्हणतात,
आणि 'कधी कधी' म्हणताना चष्मा पुसतात.

छातीच्या हाडामागं या पेशींची शाळा असते.
शंभरातल्या दोन-चार पास होतात.
जी आपल्याच माणसावर धावून जाते तिला तिथंच संपवतात.
एवढी कडक शाळा शिकून आलेली बाई,
आणि कुणी मनगट धरलं तर गप्प.
मी तर सातवीपर्यंतच.

तिसऱ्या बाटलीनंतर दंडांवर खाज उठली, लाल चट्टे.
थायरॉइडची गोळी सुरू झाली, आता ती जन्माची.
हात सुटलेल्या चेकर चांगला मालही फाडतात कधी.
मला हसू आलं.
नवी होते तेव्हा पहिल्या आठवड्यात
मीही अर्धा गठ्ठा बाद केला होता,
सासूनं एकेक उचलून परत घडी घातली, न बोलता.

शेंगाचटणी बंद. कडक भाकरी ताकात कालवून,
तीही लगदा करून.
रात्री अडीचला मागच्या गल्लीतले लूम चालू असतात,
खटखट थांबली की जाग येते, चालू असली की नाही.
तेव्हा मी बोलते त्यांच्याशी.
बायांनो, दमलात ना?
पुस्तकातही तसंच लिहिलंय म्हणे, दमलेल्या पेशी.
फार दिवस तोच माल समोर आला की
चेकरचं लक्ष उडतं,
हे मला कुणी पुस्तकातून सांगायला नको.
उठा. ट्यूबलाइट लावलीय.
यावेळी मागं कुणी उभं नाही.

काल आंघोळीला बसले, कानाखाली हात फिरवला.
चिंचोका लहान लागला.
परत फिरवला. लहानच.
लेकीला हाक मारणार होते, मारली नाही.
हा हात माझाच आहे,
आणि यानं एकदा
दोनशे डझन पास केलेत.

सोमवारी बिराजदारांना दाखवीन.
त्यांचा हात बघू काय म्हणतो.